आपल्यात कोण, हे कोण ठरवतं? जर्मनटाउनच्या छोट्या मेनोनाइट मंडळीचा इतिहास

९ मे १७०८ रोजी अमेरिकेत, फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउन गावात, अकरा जणांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती मंडळीत कुणाचा बाप्तिस्मा होणं ही एरवी रोजचीच गोष्ट. पण इथल्या मेनोनाइट मंडळीचा हा नोंद असलेला पहिला बाप्तिस्मा होता, आणि तोवर गाव वसून पंचवीस वर्षं होत आली होती. लोक होते, श्रद्धा होती, घरोघरी प्रार्थना चालत होत्या. सरकारची आडकाठी तर अजिबात नव्हती. अडलं होतं ते एवढ्यावरच, की बाप्तिस्मा देण्याचा अधिकार कुणाचा आणि तो त्याला द्यायचा कुणी?

या मंडळीचा इतिहास वाचताना मला सारखं जाणवतं ते हे, की पुढच्या तीनशे वर्षांत तिच्यापुढे आलेला जवळजवळ प्रत्येक पेच याच प्रश्नाचं एखादं रूप आहे. मंडळीत कोण आणि मंडळीबाहेर कोण, हे ठरवायचं कुणी? ही मंडळी कधीच मोठी झाली नाही. तरीही अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधाचा इतिहास असो की चर्चमधल्या समलिंगी व्यक्तींच्या जागेचा, तिच्या नावाशी अडखळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हे नीट समजायचं तर आधी मेनोनाइट म्हणजे कोण, ते पाहायला हवं.

बाप्तिस्मा कधी घ्यायचा, यावरून गेलेले जीव

सोळाव्या शतकातल्या युरोपात मूल जन्मलं की काही दिवसांतच त्याचा बाप्तिस्मा उरकला जायचा. त्या एका विधीने ते चर्चचं व्हायचं आणि राज्याच्या प्रजेतही त्याची गणती व्हायची. धर्म आणि राज्य यांची शिवण इतकी घट्ट होती, की एक उसवलं तर दुसरंही उसवणार. मार्टिन ल्यूथरने पोपला आव्हान दिलं, तरी ही शिवण त्याने शाबूत ठेवली होती.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरातल्या काही तरुणांना मात्र ते पटेना. हे उल्रिक झ्विंग्ली या सुधारकाचेच शिष्य. त्यांचं म्हणणं साधं होतं: नव्या करारात लोक आधी विश्वास ठेवतात, मग बाप्तिस्मा घेतात. तान्ह्या बाळाला विश्वास कसा असणार? जानेवारी १५२५ मध्ये झुरिकच्या नगरसभेने हुकूम काढला, की ज्या बाळांचा बाप्तिस्मा राहिला असेल त्यांचा आठ दिवसांत व्हायलाच हवा. त्यानंतर काही दिवसांतच, २१ जानेवारीला, हे तरुण एका घरी जमले आणि कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला. ब्लाउरॉकने मग इतरांना दिला. लहानपणी या सगळ्यांचा एकदा बाप्तिस्मा झालेलाच होता, म्हणून विरोधकांनी त्यांना ‘ॲनाबॅप्टिस्ट’, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, असं हिणवलं.

यात राज्यकर्त्यांनी एवढं चिडण्यासारखं काय होतं? तर माणूस स्वतःच्या इच्छेने मंडळीत येणार असेल, तर तो न येण्याचंही ठरवू शकतो. मग चर्चला मिळणारा दशमांश कोण भरणार? राजनिष्ठेची शपथ कोण घेणार? या लोकांनी तर शपथ घेणंच नाकारलं, कारण येशूने ‘तुमचं होय ते होय असू द्या’ असं सांगितलं होतं. त्यांच्यातल्या बहुतेकांनी पुढे शस्त्र उचलणंही नाकारलं. शपथ नाही, तलवार नाही, जन्माने येणारं सभासदत्व नाही. त्या काळच्या कुठल्याही राजाला हे बंडच वाटणार. फेलिक्स मान्झ या त्यांच्यातल्या एका पुढाऱ्याला ५ जानेवारी १५२७ रोजी झुरिकच्या लिम्माट नदीत बुडवून मारलं. १५२९ साली पवित्र रोमन साम्राज्याच्या कायद्याने पुनर्बाप्तिस्म्याला देहदंड ठरवला.

चळवळीत सगळेच शांततावादी होते असं मात्र नाही. १५३४–३५ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात एका जहाल गटाने सत्ता हाती घेतली आणि त्याचा शेवट भयंकर रक्तपातात झाला. त्या बदनामीतून उरलेल्या लोकांना सावरलं ते मेनो सिमन्सने. हा नेदरलंड्समधल्या फ्रिसलँडचा कॅथलिक धर्मगुरू. १५३६ मध्ये त्याने आपलं पद सोडलं आणि पुढची पंचवीस वर्षं, १५६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, लपतछपत विखुरलेल्या मंडळ्या बांधल्या. त्याच्या नावावरून हे लोक मेनोनाइट झाले.

त्यांच्या रचनेतल्या दोन गोष्टी पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली म्हणजे वरून हुकूम सोडणारा पोप किंवा राजा इथे नाही. मंडळी आपल्यातूनच उपदेशक निवडते, आणि मंडळीच त्याला जाब विचारते. दुसरी गोष्ट शिस्तीची. सभासद स्वेच्छेने आला आहे, म्हणजे त्याने एक जीवनपद्धती पत्करली आहे. ती मोडली तर आधी समजावणं, मग ताकीद आणि शेवटी बहिष्कार. ज्यांनी जबरदस्तीच्या चर्चविरुद्ध प्राण दिले, त्यांच्याच हातात आता माणसाला बाहेर काढण्याचं हत्यार आलं. मेनोनाइट इतिहासातला कायमचा ताण माझ्या मते इथेच आहे.

तेरा विणकर कुटुंबं आणि एक जवसाचं फूल

ऱ्हाईन नदीजवळचं क्रेफेल्ड हे गाव सतराव्या शतकात मेनोनाइटांना बऱ्यापैकी सुरक्षित होतं. लिनन विणणारी ही माणसं. लिननचा धागा निघतो जवसाच्या खोडातून, म्हणजे आपण ज्याच्या बियांची चटणी करतो त्याच रोपातून. या गावात इंग्लंडहून क्वेकर नावाच्या एका ख्रिस्ती पंथाचे प्रचारक आले. क्वेकरांनाही शपथ आणि शस्त्र दोन्ही वर्ज्य, त्यामुळे कित्येक मेनोनाइट घरांनी त्यांची वाट धरली. क्वेकर असलेल्या विल्यम पेनला तेव्हा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया वसाहत मिळाली होती, आणि तिथे कुणाच्याही श्रद्धेला हात लावला जाणार नाही असं त्याने जाहीर केलं होतं.

६ ऑक्टोबर १६८३ रोजी ‘कॉन्कॉर्ड’ जहाजाने क्रेफेल्डची तेरा कुटुंबं फिलाडेल्फियाला उतरली. फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस हा उच्चशिक्षित जर्मन वकील आधीच येऊन पोचला होता. त्याच महिन्यात सर्वांनी जमिनीचे तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले आणि जर्मनटाउन उभं राहू लागलं. पास्टोरियसने गावासाठी जी मुद्रा तयार केली, तिच्यावर द्राक्षवेल, जवसाचं फूल आणि विणकराची कांडी होती.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘१६८३ मध्ये मेनोनाइट आले आणि त्यांनी जर्मनटाउन वसवलं’ असं सर्रास लिहिलं जातं. खरं तर त्या तेरा कुटुंबांतले बहुतेक जण तोवर क्वेकर झालेले होते किंवा होण्याच्या वाटेवर होते. मुळं मेनोनाइट, पण सभासदत्व क्वेकरांचं. मेनोनाइट म्हणूनच राहिलेलं असं यान लेन्सेनचं एकच घर दाखवता येतं. सुरुवातीच्या प्रार्थनासभा घरांत भरायच्या, आणि कोण कुठल्या पंथाचा हे तिथे फारसं काटेकोर नव्हतं. स्वतंत्र मेनोनाइट मंडळी आकाराला आली ती पुढच्या दहा-पंधरा वर्षांत, क्रेफेल्ड आणि हॅम्बुर्गजवळच्या आल्टोना इथून आणखी कुटुंबं आल्यावर. आणि अमेरिकेतली मेनोनाइटांची ही पहिली वस्तीही नव्हे. १६६३ मध्ये डेलावेअरच्या किनाऱ्यावर पीटर प्लॉकहॉयने एक वसाहत केली होती, पण वर्षभरात इंग्रजांनी ती उद्ध्वस्त केली. टिकली ती जर्मनटाउनची.

१६८८ चा कागद

गाव वसून पाच वर्षं होत नाहीत तोच जर्मनटाउनच्या चार जणांनी एका कागदावर सह्या केल्या. गॅरेट हेंडरिक्स, डेरिक ऑप डेन ग्रेफ, अब्राहम ऑप डेन ग्रेफ आणि पास्टोरियस. इंग्रज वसाहतींमध्ये गुलामगिरीविरुद्ध एखाद्या धार्मिक गटाने लेखी विरोध नोंदवल्याचं हे पहिलं उदाहरण मानलं जातं.

कागदाची इंग्रजी ओबडधोबड आहे. ही परकी भाषा त्यांनी अलीकडेच शिकली असणार, हे वाक्यावाक्यातून दिसतं. युक्तिवाद मात्र धारदार आहे. ते म्हणतात, समुद्रात तुर्की जहाज दिसलं की खलाशांचा थरकाप होतो, पकडले गेलो तर गुलाम म्हणून विकले जाऊ या भीतीने. मग आपण ख्रिस्ती म्हणवणारे जे करतो, ते तुर्कांपेक्षा बरं कसं? लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसंच आपण त्यांच्याशी वागावं, आणि यात वंश, कूळ किंवा रंग यांचा भेद नाही. युरोपात माणसांचा छळ श्रद्धेपायी होतो, इथे छळ होतो तो काळ्या रंगाच्या माणसांचा. आणि पुढे तर ते क्वेकरांना थेट कोंडीत पकडतात: या गुलामांनी उद्या स्वातंत्र्यासाठी उठाव केला, तर शस्त्र न उचलणारे तुम्ही तलवार हातात घेऊन त्यांच्याशी लढणार का?

युरोपात आपली काय अब्रू राहील, असंही ते विचारतात. पेनसिल्व्हेनियातले क्वेकर माणसांना गुराढोरांसारखं वागवतात, असं तिकडे बोललं जाईल! बाजारात आपल्या नावाला जपणाऱ्या विणकरांनाच सुचावा असा हा मुद्दा आहे.

हा कागद क्वेकरांच्या मासिक सभेपुढे गेला. विषय फार जड आहे म्हणून तिने तो त्रैमासिक सभेकडे धाडला. तिथून तो वार्षिक सभेकडे गेला आणि तिने बाजूला ठेवून दिला. पेनसिल्व्हेनियातले कित्येक वजनदार क्वेकर स्वतः गुलाम बाळगून होते. फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याची मनाई केली ती १७७६ मध्ये, म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. मूळ कागद १८४४ मध्ये सापडला, पुढे पुन्हा गहाळ झाला आणि २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका क्वेकर सभागृहात परत हाती लागला.

सह्या करणारे क्वेकर होते, त्यामुळे याचं श्रेय मेनोनाइट मंडळीच्या खात्यात जसंच्या तसं टाकणं बरोबर नाही. पण ऑप डेन ग्रेफ बंधूंचे आजोबा हर्मन हे क्रेफेल्डच्या मेनोनाइटांचे पुढारी होते, आणि १६३२ च्या डॉर्ड्रेख्टच्या मेनोनाइट श्रद्धापत्रावर त्यांची सही आहे. माणूस जबरदस्तीने कुणाचाच होऊ शकत नाही, हे या घरात तीन पिढ्या मुरलेलं होतं. श्रद्धेबद्दलचं ते तत्त्व नातवंडांनी माणसाच्या देहाला लावलं, असं मला वाटतं.

कागद गिरणीचा मालक आणि अडलेला बाप्तिस्मा

मेनोनाइट मंडळीचे पहिले पाळक विल्यम रिटनहाउस हे कागद बनवणारे होते. जन्म जर्मनीत म्युलहाइमजवळचा, धंदा नेदरलंड्समध्ये शिकलेला. १६९० मध्ये त्यांनी विसाहिकन नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर कागद गिरणी उभारली. इंग्रज उत्तर अमेरिकेतली ती पहिली. त्या काळी कागद लाकडापासून नव्हे तर लिननच्या चिंध्यांपासून व्हायचा: चिंध्या भिजवायच्या, पाणचक्कीवर चालणाऱ्या मोगऱ्यांनी कुटून लगदा करायचा, चौकटीच्या जाळीवर तो पातळ पसरून पाणी निथळू द्यायचं आणि एकेक ताव वाळत घालायचा. विणकरांच्या गावात जुन्या लिननची वाण नव्हती. गिरणी एकदा पुरात वाहून गेली, ती त्यांनी पुन्हा बांधली. ती वस्ती रिटनहाउसटाउन नावाने आजही जपलेली आहे. अमेरिकेच्या टांकसाळीचा पहिला संचालक आणि खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस हा याच विल्यमचा पणतू.

तर असे हे पाळक. गिरणी चालवायची आणि रविवारी उपदेश करायचा. मेनोनाइट उपदेशकाला पगार नसायचा. पण मेनोनाइट रीतीत उपदेश करणं वेगळं आणि बाप्तिस्मा किंवा प्रभुभोजन (येशूच्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणाचा विधी) देणं वेगळं. त्यासाठी ‘वडील’ म्हणून अभिषेक लागायचा, आणि तो आधीच्या वडिलांनी हात ठेवून करायचा. असा माणूस अमेरिकेत एकही नव्हता. जर्मनटाउनकरांनी आल्टोनाच्या मंडळीला कुणाला तरी पाठवा म्हणून लिहिलं. एवढा समुद्रप्रवास करायला कुणी तयार होईना. अखेर तुमचे तुम्हीच करा, असा सल्ला आला. तरीही रिटनहाउस यांचं मन कचरत राहिलं, आणि १७०८ च्या सुरुवातीला ते वारले.

त्यांच्या जागी याकोब गॉटशाल्क आले. त्यांनी ९ मे रोजी ते अकरा बाप्तिस्मे दिले आणि २३ मे रोजी पहिलं प्रभुभोजन झालं. मंडळी तेव्हा पन्नासाच्या आत होती. त्याच वर्षी लाकडी ओंडक्यांचं छोटं सभागृह उभं राहिलं. ज्यांचे पूर्वज कुणाचाही अधिकार न विचारता एकमेकांना बाप्तिस्मा देऊन मोकळे झाले होते, ते लोक दोनशे वर्षांच्या आत परवानगीची वाट पाहत बसले, हे थोडं नवलाचं वाटतं. पण मला त्यात भित्रेपणा दिसत नाही. आपण एका मोठ्या कुटुंबाचा भाग आहोत आणि मनाला येईल ते करून त्यापासून तुटायचं नाही, ही ओढ त्यामागे आहे. एकटं उभं राहणं आणि सगळ्यांना धरून राहणं या दोन्ही ओढी या मंडळीत पहिल्यापासून आहेत.

त्याच लाकडी सभागृहात क्रिस्टोफर डॉक या मेनोनाइट शिक्षकाने काही उन्हाळे शाळा चालवली. छडीपेक्षा मुलाचा स्वभाव ओळखण्यावर त्याचा भर होता. तो दोन शाळांत शिकवायचा आणि एका शाळेतल्या मुलांना दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पत्रं लिहायला लावायचा, पोस्टमन स्वतःच. शाळा कशी चालवावी यावरचं त्याचं पुस्तक १७७० मध्ये छापून आलं.

लढाई दारात येते

१७७० मध्येच ओंडक्यांच्या सभागृहाच्या जागी दगडी सभागृह बांधलं गेलं. जर्मनटाउन ॲव्हेन्यूवर ते आजही उभं आहे. मनोरा नाही, रंगीत काचा नाहीत, नक्षी नाही. रस्त्याच्या अंगाला दफनभूमी आणि तिला दगडी भिंत.

सात वर्षांनी या भिंतीपाशी युद्ध आलं. ४ ऑक्टोबर १७७७ च्या धुकट पहाटे जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याने जर्मनटाउनमधल्या ब्रिटिश फौजेवर हल्ला केला आणि दिवस संपेपर्यंत माघार घेतली. त्या धुमश्चक्रीत ब्रिटिश ब्रिगेडियर जनरल जेम्स ॲग्न्यू मारला गेला. गावात पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं, की त्याच्यावर गोळी झाडणारा माणूस मेनोनाइट दफनभूमीच्या भिंतीआड दडला होता. मंडळीचा त्यात हात नव्हता. पण शस्त्राला शिवायचं नाही म्हणून देश सोडून आलेल्यांच्या थडग्यांच्या आडोशाने हा नेम धरला गेला, हे वाचताना मन थांबतं.

युद्धाने मेनोनाइटांना दुसरीकडूनही गाठलं. पेनसिल्व्हेनियाच्या नव्या सरकारने १७७७ मध्ये निष्ठेची शपथ मागितली. शपथ शब्दाऐवजी नुसतं वचन दिलं तरी चालणार होतं, पण पूर्वी राजाला दिलेलं वचन मोडायचं कसं, हाही त्यांच्यापुढे पेच होता. नकार देणाऱ्यांचे नागरी हक्क गेले, दंड झाले. आतही फूट पडली. जवळच्या फ्रँकोनिया भागातल्या क्रिस्तियन फंक या पाळकाचं म्हणणं होतं, की नव्या सरकारने मागितलेला कर भरायला हरकत नाही. बाकीच्या पाळकांनी त्याला मंडळीबाहेर काढलं.

जर्मनटाउनची मंडळी तोवर आधीच रोडावली होती. मेनोनाइट आता शेतीवर जगणारे झाले होते आणि चांगली शेतजमीन आत, स्किपॅक आणि त्याही पलीकडे होती. १७०२ पासूनच घरं तिकडे सरकू लागली. पुढे स्वित्झर्लंड आणि जर्मनीतल्या पॅलॅटिनेट भागातून हजारो मेनोनाइट आले, ते जर्मनटाउनमध्ये थोडे दिवस थांबून पुढे निघून जायचे. आईच्या मंडळीपेक्षा लेकींच्या मंडळ्या मोठ्या झाल्या. गाव वाढत शहराजवळ आलं, १८५४ मध्ये फिलाडेल्फियातच विलीन झालं, आणि मंडळी मूठभर माणसांवर तगून राहिली.

दुरून जोडलेला धागा

आपल्याकडे मेनोनाइट पोचले ते दुष्काळामुळे. १८९६–९७ च्या दुष्काळात जॉर्ज लॅम्बर्ट हा अमेरिकन मेनोनाइट मदत घेऊन भारतात आला. त्याच्या हकिकती वाचून १८९९ मध्ये तिघे मिशनरी आले आणि त्यांनी धमतरीला तळ ठोकला. धमतरी आज छत्तीसगडात आहे, तेव्हा ती नागपूरहून चालणाऱ्या मध्य प्रांतात होती. या कामात जर्मनटाउनच्या मंडळीचा थेट वाटा नव्हता, ते पश्चिमेकडच्या मोठ्या मंडळ्यांनी उभं केलं. पण धमतरीची मंडळी आणि जर्मनटाउनची मंडळी एकाच घराण्यातल्या. भारतीय मेनोनाइट मंडळ्यांतले कित्येक पाळक १९५३ नंतर यवतमाळच्या आणि १९८३ पासून पुण्यात हलवलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकले. आणि १९९७ च्या जानेवारीत जगभरच्या मेनोनाइटांचं संमेलन भरलं ते कोलकात्यात. आज या पंथाचे बहुसंख्य लोक आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत आहेत.

त्याच १९९७ साली जर्मनटाउनमध्ये मात्र वेगळंच काही घडत होतं.

बाहेर

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दगडी सभागृह इतिहासप्रेमींचं जास्त आणि भक्तांचं कमी राहिलं होतं. मग शिक्षणासाठी, नोकरीसाठी आणि स्वयंसेवेसाठी तरुण मेनोनाइट शहरात येऊ लागले आणि मंडळीत पुन्हा धुगधुगी आली. रविवारची जागा पुरेना म्हणून उपासना जवळच्याच वॉशिंग्टन लेनवरच्या मोठ्या इमारतीत गेली. जुनं सभागृह एका विश्वस्त संस्थेकडे राहिलं. १६८८ चा कागद ज्या टेबलावर सही झाला असं परंपरेने मानतात, ते टेबलही त्या संस्थेने जपलं.

या नव्या सभासदांत काही समलिंगी स्त्रीपुरुष होते. मंडळीने दीर्घ चर्चा करून त्यांना पूर्ण सभासदत्व दिलं. अमेरिकेतल्या दोन मोठ्या मेनोनाइट संघटनांनी मात्र १९८६ आणि १९८७ मध्ये ठराव केले होते, की लैंगिक संबंधांची जागा स्त्री आणि पुरुष यांच्या विवाहात आहे. त्याच ठरावांत एकमेकांशी प्रेमाने बोलत राहू असंही वचन होतं. जर्मनटाउनची मंडळी दोन प्रादेशिक परिषदांची सभासद होती. त्यांपैकी फ्रँकोनिया परिषदेने आधी तिचा दर्जा कमी केला, आणि १९९७ मध्ये प्रतिनिधींच्या मतदानाने तिला बाहेर काढलं. पुढे दुसऱ्या परिषदेशीही संबंध तुटले. अमेरिकेतली सगळ्यांत जुनी मेनोनाइट मंडळी मेनोनाइट संघटनेबाहेर पडली.

परिषदेची बाजू समजून घ्यायला हवी. तिच्या मते मंडळी एकटी नाही, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलेली शिस्त एकाने मोडली तर मिळून राहण्याला अर्थ उरत नाही. ही भूमिका मेनोनाइट परंपरेतलीच आहे, बाहेरून आणलेली नव्हे. पण जर्मनटाउनची भूमिकाही तितकीच परंपरेतली होती. विश्वास कबूल करून बाप्तिस्मा मागणाऱ्या प्रौढ माणसाला आत घ्यायचं की नाही, हे त्या माणसासोबत उपासना करणाऱ्यांनी ठरवावं. माझा कौल जर्मनटाउनच्या बाजूने आहे. त्या लोकांना त्यांचे सोबती नावानिशी ओळखत होते. परिषदेपुढे होता तो एक विषय.

बहिष्काराने मंडळी मोडली नाही. ती भरत राहिली, आणि संघटनेतला वाद तिच्यावाचूनही चालूच राहिला. २००२ मध्ये दोन मोठ्या संघटना एकत्र येऊन मेनोनाइट चर्च यूएसए तयार झालं, तेव्हा पाळकांनी समलिंगी विवाह लावू नयेत असे नियम बरोबर आले. २९ मे २०२२ रोजी कॅन्सस सिटीच्या विशेष सभेत प्रतिनिधींनी ते नियम रद्द केले आणि समलिंगी, उभयलिंगी व ट्रान्सजेंडर लोकांना झालेल्या इजेबद्दल पश्चात्ताप व्यक्त करणारा ठराव संमत केला. फ्रँकोनिया परिषद तोवर शेजारच्या ईस्टर्न डिस्ट्रिक्ट परिषदेत मिसळून मोझेइक या नावाने काम करत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मोझेइकच्या प्रतिनिधींनी मेनोनाइट चर्च यूएसएमधून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं. तिने ज्या मंडळीला बाहेर काढलं होतं, ती वॉशिंग्टन लेनवर दर रविवारी जमते, आणि सभासदत्वाचा निर्णय स्वतः घेते.